जुना ईमेल पत्ता तसाच सोडून द्यावा का?

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी उघडलेलं एक ईमेल खातं आता वापरत नाही. नवा पत्ता घेतला आहे. जुनं खातं तसंच पडू द्यावं, की डिलीट करून मोकळं व्हावं?

उत्तर : आत्ता यातलं काहीच करू नका. त्या पत्त्यावर बँक, विमा, सोशल मीडिया अशी किती खाती उघडली होती हे आज तुम्हाला आठवणारही नाही, पण ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं की त्या सगळ्यांची लिंक तिथेच जाते. तो पत्ता दुसऱ्याच्या हाती गेला की ती खातीही त्याच्या हाती जाऊ शकतात. हे घडलेलं आहे. २०१३ साली याहूने बारा महिने न वापरलेले आयडी नव्या लोकांना दिले आणि आधीच्या मालकांची खासगी पत्रं त्यांच्याकडे येऊ लागली. जीमेल डिलीट केलेला पत्ता पुन्हा कोणाला देत नाही. मात्र दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकतं. मग त्या पत्त्यावर अडकलेल्या खात्यांत तुम्हालाच शिरता येत नाही. सर्वांत जास्त धोका स्वतःच्या डोमेनवरच्या (म्हणजे @ नंतर स्वतः विकत घेतलेलं नाव असलेल्या) पत्त्याला. नूतनीकरण चुकलं की ते डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं आणि त्यावरच्या प्रत्येक पत्त्याची पत्रं स्वतःकडे वळवू शकतं.

म्हणून आधी जुन्या खात्यात लॉगिन करा, नवा पासवर्ड ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग (पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) आणि फिल्टर (पत्रांचं काय करायचं याचे आपोआप लागू होणारे नियम) तपासा. पूर्वी कोणी शिरलं असेल तर पत्रं गुपचूप बाहेर जात असतील, आणि पासवर्ड बदलूनही ती थांबत नाहीत. मग इनबॉक्समध्ये ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’, ‘पासवर्ड’, ‘इनव्हॉइस’ हे शब्द इंग्रजीत शोधा. खात्यांची यादी तिथेच मिळेल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही पाहा. बदल पैशांच्या खात्यांपासून सुरू करा. लॉगिनचा पत्ता आणि रिकव्हरी पत्ता (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवण्यासाठी दिलेला पत्ता) हे दोन्ही बदलायचे. तुमच्या नव्या ईमेलचा रिकव्हरी पत्ता अनेकदा हाच जुना पत्ता असतो, आणि नेमका तोच राहून जातो. बऱ्याच साइट बदलाची खात्री जुन्याच पत्त्यावर करून घेतात, त्यामुळे तो चालू असतानाच हे उरकायला हवं.

ओळखपत्रांच्या प्रती असलेली पत्रं उतरवून घ्या, डिलीट करा, ट्रॅशही रिकामा करा. खातं मात्र ठेवा आणि दर सहा महिन्यांनी एकदा लॉगिन करा. स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं नूतनीकरण चालू ठेवा.