रंगांधळेपणाच्या ठिपक्यांच्या चाचणीला ज्यांचं नाव आहे, ते इशिहारा कोण?

शिनोबू इशिहारा (१८७९–१९६३), जपानी लष्करातले डॉक्टर. १९०५ मध्ये टोकियोहून वैद्यकीय पदवी घेतली, पुढे नेत्रविज्ञानाकडे वळले, जर्मनीतही शिकून आले.

लष्कराला भरतीच्या वेळी रंगांधळे उमेदवार ओळखायचे होते. इशिहारांनी जलरंगांत ठिपक्यांचे तक्ते स्वतः रंगवले. गंमत म्हणजे ते तपासायला मदतनीस रंगांधळा डॉक्टरच होता! आधीच्या तक्त्यांत जपानी अक्षरं होती. १९१७ मध्ये आकडे आले आणि चाचणी जगभर गेली. आपल्याकडे रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत हेच तक्ते दाखवतात.

१९२२ पासून ते टोकियो विद्यापीठात प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर इझू भागातल्या एका गावात राहून रुग्ण तपासत.