दोन हजारांच्या आत, वन बीएचकेमध्ये चार वर्षांच्या मुलाचा थीमवाला वाढदिवस कसा करावा?

तुमचा मुलगा चार वर्षांचा होतोय, घर लहान आहे आणि दोन हजारांच्या वर जायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. नक्की जमेल. मागच्या वर्षी आम्ही एवढ्याच जागेत आमच्या लेकाचा एसटी बसच्या थीमचा वाढदिवस केला. अकरा मुलं होती. खर्च सतराशेच्या आसपास आला आणि त्यातले हजार तर खाण्यावरच गेले.

थीम शोधायला दुकानात जाऊ नका, मुलगा घरात रोज काय खेळतो ते बघा. तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही बाहेरून सजावट करून घेतली होती. कार्टूनचा पडदा, फुग्यांची कमान, साडेचार हजार रुपये. पहिलाच फुगा फुटला आणि लेक जो रडायला लागला, तो केक कापेपर्यंत आजीच्या कडेवरून उतरला नाही. माझं माहेर वाईचं, आम्ही स्वारगेटहून एसटीनेच जातो. त्यामुळे हा रोज माझी पर्स गळ्यात अडकवून "वाई, वाई, वाई" ओरडत घरभर फिरायचा. थीम आमच्या डोळ्यांसमोरच होती, आम्हालाच दिसली नव्हती.

किराणावाल्याकडून दोन मोठी खोकी आणली, त्यांना लाल घोटीव कागद चिकटवला, पुढे "पुणे - वाई" अशी पाटी लावली. फक्त बसचं तोंड केलं, अख्खी बस करत बसू नका. त्याच्या मागे दोन्ही बाजूंना भिंतीलगत एकामागे एक अशी आसनं मांडली, मधून वाट. एसटीत शेजारी शेजारी दोन किंवा तीन सीट असतात, पण एकेक ठेवल्यामुळे सगळ्यांनाच खिडकी मिळाली आणि एक मोठं भांडण टळलं. खिडक्या म्हणजे भिंतीवर चिकटपट्टीने लावलेले कोरे कागद. मुलांनी त्यावर खडूने बाहेरचं जग काढायचं: डोंगर, गाय, ट्रक. पहिली वीस मिनिटं सगळी त्यातच रमली.

सगळ्यात रंगली ती तिकिटं. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नसतं आणि पाच ते बारापर्यंत अर्धं असतं. त्यामुळे या वयाच्या मुलाच्या हातात कधी स्वतःचं तिकीट येतच नाही. रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर एकेकाचं नाव लिहिलं. वाढदिवसाचा मुलगा कंडक्टर. खाकी शर्ट मोठ्या चुलत भावाचा, हातात कागदाला भोकं पाडायचं साधं पंचिंग मशीन. "तिकीट, तिकीट" करत तो प्रत्येकापाशी थांबत होता, दोन्ही हातांनी दाबून भोक पाडत होता आणि खाली पडलेली कागदाची टिकली उचलून त्याच्याच हातावर ठेवत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

खेळ वेगळे आणायची गरज नाही. देवघरातली घंटा घ्या: एक टोला म्हणजे गाडी थांबली, पुतळा व्हायचं, दोन टोले म्हणजे चालू, नाचायचं. आम्ही वाईला जाताना खंबाटकी घाट चढून जायचो आणि येताना बोगद्यातून यायचो. तेच घेतलं. जाताना सगळ्यांनी आसनावर बसून वळणांबरोबर डावीकडे-उजवीकडे झुकायचं, येताना चादर टाकलेल्या जेवणाच्या टेबलाखालून रांगत यायचं. बोगदा किमान सहा वेळा झाला.

खाण्यासाठी मध्ये एक "थांबा" ठेवला. कमी तिखट छोटे बटाटेवडे, काकडीच्या फोडी, कोकम सरबत. केक घरीच कुकरमध्ये केला, रव्याचा, चौकोनी डब्यात. बिस्किटांची चाकं लावली की त्याचीच बस होते. एक कळकळीने सांगते: या वयाच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच, म्हणून फुगे आणलेच नाहीत. कुणाला काय चालत नाही, तेही आधी आयांना विचारून घ्या. औक्षण मुलं यायच्या आधी, घरच्यांमध्ये उरकलं. जाताना प्रत्येकाला खडूची डबी आणि त्याची स्वतःची खिडकी गुंडाळून दिली.

वेळ मात्र आटोपशीर ठेवा. आमच्या निमंत्रणातच लिहिलं होतं, "गाडी ५ वाजता सुटेल, ६:३० ला परत येईल." त्याहून जास्त वेळ झाला की ही मुलं दमतात आणि मग चिडचिड सुरू होते. साडेसहाला घंटेचे दोन टोले दिले, तर मुलं आपणहून चपला घालायला दाराशी उभी राहिली.

तुमचा मुलगा घरात काय खेळतो ते लिहा. डॉक्टर-डॉक्टर, भाजीवाला, पाऊस, मुंग्या, काहीही असू दे, त्यावरून काय करता येईल ते मी नक्की सुचवेन.