मुरमाड जमीन, टँकरचं पाणी: शोभेचं कोणतं गवत टिकेल?

तुम्ही लिहिलंय की आटपाडीजवळ घर बांधलंय, पुढे गुंठाभर मुरमाड जागा आहे, हौसेनं लावलेलं लॉन मार्चमध्येच करपलं आणि उन्हाळ्यात पाणी विकतचं. मी शेजारच्या माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. म्हणजे आपली माती आणि आपलं रडगाणं एकच.

लॉनचा नाद सोडा. एप्रिलच्या उन्हात गुंठाभर लॉनला दिवसाला 500 लिटरच्या घरात पाणी लागतं. माणदेशात असं लॉन म्हणजे टँकरवाल्याची चंगळ.

त्याऐवजी जांभळं फाउंटन ग्रास लावा. हे बाजरीचं भाऊबंद आहे. शास्त्रीय नावात दोघंही पूर्वी पेनिसेटम होते, आता दोघांनाही सेंक्रसमध्ये टाकलंय, आणि आपल्या माळावरचं अंजन गवतही त्याच घरातलं. त्यामुळे जिथं बाजरी तग धरते तिथं हे रडत नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटत राहतं. तीन-चार फूट उंची, पानं गर्द लालसर-जांभळी आणि वर वीतभर, टोकाला झुकलेले तुरे. कोवळा तुरा जांभळट असतो, वाळत आला की फिकट बदामी होतो. हातातून ओढून बघा, मांजराच्या शेपटीसारखा मऊ लागतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस फाटकातून आत येताना एक तरी तुरा ओढतोच.

लावायची वेळ मृगाच्या पावसानंतरची, जमीन ओली झाली की. फूटभर खड्डा घ्या, मुरूम असेल तर टिकावानं तळ थोडा फोडा, त्यात दोन-तीन घमेली पोयटा आणि कुजलेलं शेणखत. दोन ठोंबांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा, सुरुवातीला विरळ दिसेल, दिसू दे. ऊन मात्र दिवसभराचं हवं. झाडाच्या सावलीत पानांचा रंग उडून ती हिरवट पडतात. पाणी साचणारी काळी जमीन असेल तर आधी वाफा उंच करा, कारण हे गवत उन्हानं मरत नाही तेवढं मुळाशी तुंबलेल्या पाण्यानं मरतं. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात कुणी विचारलं तर मी हे सुचवणार नाही.

पहिलं वर्ष तेवढं जपा. पावसानं ओढ दिली तर दोन-तीन दिवसांनी पाणी, हिवाळ्यात आठवड्यानं. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. दुसऱ्या उन्हाळ्यापासून दहा-पंधरा दिवसांनी ठोंबाला एक बादली पुरते, आणि तीही चुकली तर पानं वाळतात, ठोंब जिवंत राहतो. युरिया अजिबात देऊ नका. भसाभस वाढतं आणि पहिल्या वळवात लोळतं.

वर्षातून एकदा, मे अखेरीस, विळ्यानं जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं कापा. वाळकं तसंच राहिलं तर नवे फुटवे आतल्या आत गुदमरतात, शिवाय उन्हाळ्यात ठिणगी पडली तर ते भडकन पेटतं. तीन-चार वर्षांनी ठोंब मधून पोकळ दिसायला लागला की पावसाच्या तोंडावर उपटून कुदळीनं फोडा. एकाचे चार-पाच होतात. शेजाऱ्यांना वाटायला बरे. शेळ्या मात्र कोवळी फूट सोडत नाहीत, तेव्हा कुंपण आधी.

आता महत्त्वाचं. याच गवताची हिरवी जात मिळते, ती घेऊ नका. तिचं बी वाऱ्यावर उडतं आणि कुठंही रुजतं. हवाई बेटांवर आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनात ती माळावर पसरून डोकेदुखी झाली आहे, वणवेही वाढलेत. युरोपियन युनियननं 2017 मध्ये तिला घुसखोर वनस्पतींच्या यादीत घातलं. आपल्या माळावर पवना, मारवेल, कुसळी आहे, मेंढरं त्यावर जगतात. तिथं हा पाहुणा नको. जांभळ्याला बी जवळजवळ धरतच नाही, म्हणून ते सुरक्षित.

घरामागे उतार असेल, माती वाहून जात असेल, तर तिथं फाउंटन नको, वाळा लावा. त्याची मुळं दहा फुटांपर्यंत सरळ खाली जातात. दिसायला साधा, पण बांध धरतो.

रोपवाटिकेत जाल तेव्हा फुटवे असलेलं, जांभळ्या पानांचं रोप डोळ्यांनी बघूनच घ्या. ‘पर्पल फाउंटनचं बी’ म्हणून कुणी पाकीट दिलं तर परत करा. त्यात एक तर हिरवी जात निघते, नाही तर शोभेची बाजरी, जी एका हंगामात संपते.