टाके घातलेली मनी आणि नाताळची सजावट

मनी मांजरीचं ऑपरेशन झालंय, टाके अजून आहेत आणि घरात नाताळची सजावटही करायची आहे, म्हणून तुमची होणारी घालमेल समजते. सजावट जरूर करा, फक्त आधी मनीची खोली ठरवा: शांत, उबदार, तिथे एकही माळ नको.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे चमचमती झिरमिळी. मांजरं ती गिळतात, ती आतड्यात अडकते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते. म्हणून आणूच नका. गिळलेल्याचं टोक बाहेर दिसलं तरी ओढू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

- लिलीची फुलं अजिबात नकोत. नुसते परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.
- झाड भिंतीला बांधा, वायरी झाका.

आणि हो, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर फोटोपुरतीसुद्धा काढू नका. टाके चाटायला तिला क्षणभर पुरतो.