‘मॅडम, तिचा आवाजच आठवत नाही’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरची व्यक्ती खुर्चीच्या कडेवर बसून पदराशी किंवा रुमालाशी चाळा करायला लागली की ते आता येणार हे मला कळतं. कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाची बहीण, कुणाचा बालमित्र. रडू आवरत नाही म्हणून येणारे असतातच. पण वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर येणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार बरोबर उलटी असते. माणूस गेलं ते गेलंच, आता आठवणीतूनही निघून चाललंय. चेहरा फोटोतलाच आठवतो, आवाज तर येतच नाही. आणि मग आवाज खाली करून पुढचा प्रश्न: "म्हणजे माझं प्रेम तेवढंच होतं का?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रश्नाने माणसं रात्र-रात्र जागी राहतात. का नाही, ते एका बाईंच्या गोष्टीतून सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

बाई ६१ वर्षांच्या. पहिल्या दिवशी भरलेल्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं: ‘वहिनीचं निधन, १४ महिने.’ अर्धा तास बोलणं झाल्यावर कळलं, की ही वहिनी आधी मैत्रीण होती. वयाच्या सातव्या वर्षी दोघी एका बाकावर बसल्या आणि पुढे त्या मैत्रिणीचं लग्न यांच्याच थोरल्या भावाशी झालं. एकूण ५३ वर्षांची सोबत.

"तिला वहिनी म्हणायचात?"

"छे हो. चारचौघांत म्हणायचे. एरवी अरे-तुरेच. आणि ती मला ‘ए शहाणे’." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता असं हाक मारणारं कुणी राहिलं नाही."

ती गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण भावाजवळ बसला. ते योग्यच होतं, त्याची बायको गेली होती. बाई आत-बाहेर करत होत्या, माणसांचं बघत होत्या. निघताना लोक त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "दादाला सांभाळा हं." त्यांनी सांभाळलं. त्याच्यासमोर एकदाही रडल्या नाहीत. नणंदेने वहिनीसाठी किती रडावं याचं एक माप लोकांच्या मनात असतं, आणि ५३ वर्षांची मैत्री त्या मापात बसत नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला वेगळं नाव दिलं, ज्याला भोवतालचे लोक दुःख म्हणून मानतच नाहीत असं दुःख. मित्र गेला की मित्राला, आतेभाऊ गेला की मामेभावाला हेच भोगावं लागतं. नात्याच्या नावावरून दुःखाचा आकार ठरवला जातो. मी बाईंना तेव्हा एवढंच म्हटलं, "तुमची दोन माणसं गेलीत. एकीचीच विचारपूस झाली." त्या बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या.

दुसऱ्या भेटीला त्या एक जाडजूड वही घेऊन आल्या. विसरायच्या भीतीने वर्षभर रोज रात्री लिहिलेली. कुणा नातेवाइकाने दुःखाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि शेवटी स्वीकार) मेसेज पाठवला होता, तोही वहीत उतरवलेला. "मी शेवटच्या पायरीवर अजून आलेच नाही, माझं काहीतरी चुकतंय," असं त्यांना वाटत होतं. या पायऱ्यांनी फार माणसं घाबरवली आहेत म्हणून सांगते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने अमुक महिन्यात अमुक पायरी चढावी असं वेळापत्रक त्यात नव्हतं. बाईंना मी हे सांगितलं आणि म्हटलं, "ते पान फाडलंत तरी चालेल." त्यांनी ते तिथेच फाडलं.

मग मी वही वाचली. पानापानावर तेच शब्द होते. प्रेमळ. कष्टाळू. सगळ्यांना सांभाळून घेणारी. कधी कुणाला दुखावलं नाही. आणि मधली कितीतरी पानं शेवटच्या चार महिन्यांच्या आजाराची: कुठल्या दिवशी ताप किती, कुठल्या दिवशी ओळखलं, कुठल्या दिवशी नाही.

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. "रागावू नका. एवढं वाचूनही तुमची मैत्रीण मला कळली नाही. रस्त्यात समोरून आली तर मी तिला ओळखणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मला क्षणभर वाटलं, घाई झाली आपली. पण हे बोलायलाच हवं होतं. प्रेमळ आणि कष्टाळू हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात. माणूस गेल्यावर आपण त्याला इतकं गुळगुळीत करतो, की धरायला कुठे जागाच उरत नाही. मग हातातून निसटतंय म्हणून पुन्हा रडतो.

मी विचारलं, "तिचं काय आवडायचं नाही तुम्हाला?"

"असं कसं बोलायचं? गेलेल्या माणसाबद्दल?"

"तिच्यासमोर बोलायचात?"

"तोंडावर बोलायचे!"

"मग आता तिच्या पाठीमागे का लपवायचं?"

त्या गप्प झाल्या. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. बोलून गेलं की संपलं, हे मी इतक्या वर्षांत माझ्याच चुकांतून शिकले आहे. मिनिटभराने त्या म्हणाल्या, "नेलेली वस्तू परत द्यायची नाही. कधीही. माझी शिवणाची कात्री नेली होती, काळ्या मुठीची, एका दुपारपुरती म्हणून. तीन वर्षं. मी दर महिन्याला मागायचे, ती दर महिन्याला ‘देते गं’. शेवटी मी बोलणं सोडलं तिच्याशी, आठ दिवस. मग एके संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली, माझ्या हातात आदळली आणि म्हणाली, ‘ए शहाऽऽणे, घे तुझी कात्री. धार लावून आणलीय. आता तरी तोंड बंद कर.’"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या आवाजात नव्हतं. ‘शहाणे’मधला ‘हा’ लांबवलेला, मग शब्द एकदम खाली सोडून दिलेला, किंचित नाकातून. हनुवटीसुद्धा वर गेली होती. बोलून झालं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या.

"मॅडम, हा तिचा आवाज होता."

"हो. मीही आत्ताच ऐकला."

त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. चौदा महिन्यांत त्या दुसऱ्या कुणासमोर पहिल्यांदाच रडत होत्या. मी पाणी पुढे केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. त्या खोलीत त्या वेळी दोघी मैत्रिणी होत्या, मी तिसरी होते. या कामात रोज असं काही घडत नाही. घडतं त्या दिवसाचं समाधान मी पुष्कळ दिवस पुरवून वापरते.

आवाज हरवला नव्हता. त्या रोज रात्री अंधारात डोळे मिटून त्याला बोलावत होत्या, आणि असा बोलावून तो येत नाही. ओळखणं आणि आठवून काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पन्नास माणसांत ओळखीचा आवाज एका शब्दात ओळखू येतो, पण तोच आवाज शांत खोलीत मनात उभा करा म्हटलं, तर जिवंत, रोज भेटणाऱ्या माणसाचाही नीट उभा राहत नाही. आजच करून पाहा. आठवणीला धागा लागतो. जागा, वास, वस्तू, भांडण. आणि एकदा वापरलेली ठरावीक वाक्यंच आपण पुन्हा पुन्हा आठवत राहिलो, तर तीच घट्ट होत जातात, बाकीचं मागे पडतं. बाईंच्या वहीने नेमकं हेच केलं होतं. आजाराचे चार महिने रोज गिरवले गेले आणि आधीची ५३ वर्षं त्याखाली दबली.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, विशेषणं लिहू नका. ती काय करायची ते लिहा. दार कसं वाजवायची, फोन ठेवताना शेवटी काय म्हणायची, कशावरून रुसायची, पत्ते खेळताना कशी फसवायची. भांडणं लिहाच. ज्याच्याशी कधी भांडलोच नाही असं माणूस बहुतेक वेळा आपल्या तितक्या जवळचं नसतं. शेवटच्या दिवसांची चित्रं येत राहतील, त्यांना ढकलू नका. ती येतील तेव्हा त्यांच्या शेजारी दुसरं एखादं चित्र आणून ठेवा. आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा, मात्र ऐकायची सक्ती करू नका. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शेजारी कुणीतरी असू द्या. दिवसभर आठवण आली नाही, एखाद्या विनोदावर पोट धरून हसलात, तर अपराधी वाटून घेऊ नका. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघा अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं ते मला रोजच्या कामात पटत आलंय: दुःखात बुडणं आणि दुःखातून बाहेर येऊन कामाला लागणं, असं माणूस हेलकावे घेत राहतं, आणि सावरायला दोन्ही लागतं.

आणि ‘आता सोडून द्या तिला, पुढे बघा’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून देऊ नका. हा माझा पक्का मतभेद आहे, जुन्या पठडीशीसुद्धा. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९१७ च्या एका निबंधात लिहिलं, की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं. मग १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी गेली. १९२९ मध्ये, ती असती तर ३६ वर्षांची झाली असती त्या सुमारास, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. अशा दुःखाचं समाधान होत नाही, त्या माणसाची जागा भरत नाही आणि ते तसंच असायला हवं, अशा अर्थाचं. निबंधातल्या फ्रॉइडपेक्षा पत्रातला बाप मला जास्त खरा वाटतो. १९९६ नंतर अभ्यासकही उघडपणे म्हणू लागले, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. मी तर हे माझ्या खोलीतच पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. महिनोन् महिने जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, जगण्यात अर्थ न वाटणं, काम, झोप, माणसं सगळं सुटत जाणं, असं होत असेल तर त्याला उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात सहा महिने आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निकषात प्रौढांसाठी बारा महिने ही मर्यादा धरली आहे. मरून जावं असं वाटत असेल तर कुठल्याही मर्यादेची वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. बाईंच्या बाबतीत हे मी पहिल्याच भेटीत तपासलं होतं. त्यांचा दिनक्रम चालू होता. त्यांना आजार नव्हता, मैत्रिणीबद्दल बोलायला माणूस नव्हतं.

ते माणूस घरातच होतं. मी त्यांना एकच काम दिलं. भावाकडे जायचं, त्याला सांभाळायला म्हणून जायचं नाही. जाऊन विचारायचं, ‘दादा, तिने तुला सगळ्यात जास्त कधी छळलं?’

"त्याला त्रास होईल हो."

"त्याच्याशीही लोक प्रेमळ आणि कष्टाळूच बोलत असतील."

तीन आठवडे त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा खुर्चीत पाठ टेकून बसल्या. आधी सांगितलं, की फोनमध्ये तिचा एक व्हॉइस मेसेज पडून होता, तो दादाच्या शेजारी बसून ऐकला. ‘ए शहाणे, फोन कशाला घेतलायस, उचलायचा नाही तर?’ एवढाच. पहिल्या अक्षरालाच ओळखला. दोघंही रडले, मग पुन्हा लावला.

मग त्यांनी पर्समधून काळ्या मुठीची कात्री काढून टेबलावर ठेवली.

"दादाला ही गोष्ट सांगितली, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘ती तुझी कात्री नव्हतीच. तुझी तिने पहिल्या आठवड्यातच हरवली. तुला सांगायची हिंमत होईना. तीन वर्षं तश्शीच शोधत होती. मिळाली ती अगदी कोरी. मग ओळखू येऊ नये म्हणून मला रात्री पॉलिश पेपर घेऊन मूठ घासायला बसवलं. आणि शपथ घातली, तुला सांगायचं नाही.’"

मी कात्री हातात घेतली. मुठीवर आडवे-उभे बारीक ओरखडे होते, एका बाजूला जास्त, जिथे भावाचा हात कंटाळला नसेल.

"या ओरखड्यांवरून मी तिला किती बोलले होते, माझी वस्तू नीट वापरली नाहीस म्हणून. ती ऐकून घेत होती." त्यांनी कात्री परत घेतली, बोट मुठीवरून फिरवलं. "५३ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. ती गेल्यावर कळतंय. आता यावर तिला चांगलं सुनवायचं आहे मला."

"सुनवा की."

"आत्ता? इथे?"

"मी बाहेर बसते."

दार ओढून घेताना मला ऐकू आलं. "ए शहाणे," त्यांनी सुरुवात केली होती.