अडतीसाठी सॉफ्टवेअर घेताना परवान्याच्या जाचक अटींवर सही करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत हळदीची अडत आहे, पट्ट्या (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा द्यायचा कागद) आणि जीएसटीसाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचंय. विक्रेत्याच्या करारात 'सॉफ्टवेअर विकलेले नसून वापराचा परवाना दिला आहे', 'एकाच संगणकावर', 'वाद झाल्यास बेंगळुरूचे न्यायालय' असली कलमं आहेत. पैसे आपण मोजायचे आणि मालक ते, हे पटत नाही. मग सही करावी का?

करा, पण आज नको. मार्केट यार्डातल्या आणि गणपती पेठेतल्या दुकानांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो, त्यामुळं असे करार कायम नजरेखालून जातात. लोक ज्या कलमावर चिडतात ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं आणि जे पुढं नडतं त्याकडं कुणी बघतही नाही.

'विकलेले नाही' हे पहिल्या प्रकारातलं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला विक्रीकरापुरता 'माल' मानलं. पुढं मार्च २०२१ च्या निकालात, असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला त्याची प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही, हे स्पष्ट केलं. मालकी नसतानाही बाजार समितीच्या गाळ्यात बसून लोक पिढ्यान्‌पिढ्या धंदा करतातच की, तसंच हे. तुमच्या मशीनवरचं विंडोजही ह्याच बोलीवर आलेलं आहे. यावर वाद घालून हाती काही लागणार नाही.

खरं भांडायचं ते तुमच्या हिशोबावरून. परवाना वर्षाचा असेल तर पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत की काय होतं, हे करारात शोधा. काही सॉफ्टवेअरमध्ये नवीन नोंद बंद होते, पण जुनं दिसतं आणि छापता येतं. काहींत लॉगिनच होत नाही. आणि जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवायचा. म्हणजे सॉफ्टवेअर सोडून दिलं तरी जुन्या पट्ट्या दाखवायची जबाबदारी तुमच्याच डोक्यावर. अधिकाऱ्याला 'सबस्क्रिप्शन संपलंय साहेब' सांगून भागत नाही.

"बॅकअप आहे ना" असं विक्रेता सांगेल. ती फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी असेल तर तिचा उपयोग शून्य. त्याला समोर बसवून एका महिन्याच्या पट्ट्या एक्सेलमध्ये काढायला लावा. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई हे सगळं वेगवेगळ्या रकान्यात यायला हवं. नावांकडं नीट बघा. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'शिवाजी', 'कवठेमहांकाळ' असं काही येतच नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. तो फॉन्टही परवान्याचाच, म्हणजे एकाच्या जोडीला दुसरं कुलूप. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसणाऱ्या पद्धतीत) डेटा असेल तर मुक्ता किंवा नोटोसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट कुठंही चालतात. हे बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

'एकाच संगणकावर' हे कलम पुण्या-मुंबईत कुणाला टोचणार नाही, पण सांगलीत टोचतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पेठेतल्या एका दुकानाचं मशीन पाण्याखाली गेलं. मालकानं हिशोबाचा पेनड्राइव्ह घरी वरच्या मजल्यावर ठेवलेला, त्यामुळं डेटा सहीसलामत. नवीन मशीन आणलं, सॉफ्टवेअर टाकलं, तर ते सुरूच होईना, कारण परवाना बुडालेल्या मशीनला बांधलेला. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "अटींमध्ये ट्रान्सफर नाही सर, नवीन परवाना घ्यावा लागेल." चिखल काढायचा का भांडायचं? त्यानं पैसे भरले. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर प्रत ज्याच्याकडं आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत काढायची मुभा आहे. पण परवाना तपासून सॉफ्टवेअर सुरू करून देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला कायदा कळत नाही. म्हणून एक ओळ घालून घ्या: मशीन खराब, चोरीला किंवा पुरात गेलं तर परवाना विनाशुल्क नव्या मशीनवर, तेही इतक्या दिवसांत. डोंगल (सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली) असेल तर हरवल्यावर काय, तेही. (आणि डोंगल रात्री गल्ल्यात ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.)

बेंगळुरूचं कलम बदलून मिळालं तर बघा, पण त्याच्यासाठी सौदा मोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, पण व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे. मुनीम, दिवाणजी ठेवून चालणाऱ्या अडतीला ती मिळेलच असं धरू नका. 'अन्याय्य करार' ही संकल्पना ह्या कायद्यात नव्यानं आली, पण त्याची तक्रार जिल्हा आयोगाकडं होत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं. एवढी यातायात करण्यापेक्षा सहीच्या आधीचा एक फोन स्वस्त.

शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्यांच्या सर्व्हरवर जाणार असतील तर करार संपल्यावर ते पुसणार का, हेही लिहून घ्या.

आता कुणीतरी "कशाला एवढं, क्रॅक (परवाना तोडलेली चोरीची प्रत) टाकून देतो" म्हणणारा भेटेलच. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचून दाखवा त्याला: माहीत असून चोरीची प्रत वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण तुमचा धंदाच आहे. मोफत आणि रीतसर हवं असेल तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, आपल्या मुंबईत तयार झालेलं, जीपीएल ह्या मुक्त परवान्याचं. त्यात मशीन मोजणं नाही, मुदत नाही. मात्र पट्टीचा नमुना तुम्हाला हवा तसा बसवायला जाणकार माणूस लागतो. घरात तसा पोरगा असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर ऐन सौद्यात अडून बसाल.

हे सगळं विक्रेत्याशी व्हॉट्सॲपवर बोलू नका, ईमेल करा आणि उत्तर करारासोबत जोडायला सांगा. सेल्सचा पोरगा "होतं की सर, काही टेन्शन नाही" म्हणेल. तेच कंपनीच्या लेटरहेडवर मागा. हळदीचा हंगाम तोंडावर यायच्या आत उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा, यार्डात चौकशी केली तर दोन-चार नावं सहज मिळतील.