पहिल्या तासाने खचू नका, किल्लारी वर्गात आणा

प्रिय ताई,

लातूरच्या महाविद्यालयात अनेक वर्षे भूशास्त्र शिकवून तुम्ही एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून जर्मनीत गेलात आणि पहिल्याच दिवशी तुमचे हातपाय गळाले, असे तुम्ही कळवले आहे. दहाच्या तासाला तुम्ही वेळेआधी पोहोचलात, तर वर्गात दोनच मुले होती. पुढे वर्ग भरला, पण तुमच्यासाठी कोणी उभे राहिले नाही. दीड तासात एकही प्रश्न आला नाही. आणि शेवटी सगळ्यांनी बाकांवर ठकठक सुरू केली, तेव्हा ही आपल्याला हुसकावण्याची रीत असावी असे वाटून, दाराशी बोलायला थांबलेल्या एका मुलीकडेही न पाहता तुम्ही बाहेर पडलात. आता आजारपणाचे कारण सांगून परत यावे का, असे तुम्ही विचारता.

परत येऊ नका. बोटांची पेरे बाकावर वाजवणे ही तिथल्या विद्यापीठांत व्याख्यात्याला दाद देण्याची जुनी पद्धत आहे. बहुतेक व्याख्यानांनंतर अशी दाद मिळतेच, त्यामुळे तिने फार हुरळूनही जाऊ नये. पण तिच्यात अपमान मुळीच नाही. तिथे दहाचा तास पुष्कळदा सव्वादहाला सुरू होऊन पावणेबाराला संपतो, कारण सुरुवातीची पंधरा मिनिटे रिवाजाने सोडलेली असतात. प्राध्यापक आत येताना उभे राहण्याची प्रथा नाही. आपल्याकडे मुले उभी राहतात त्यात माया असते हे खरे, आणि तिची उणीव तुम्हाला जाणवली यात गैर काहीच नाही.

प्रश्नांचे म्हणाल तर मोठ्या व्याख्यानात अनेक विद्यार्थी गप्पच असतात आणि शंका घेऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत येतात. तुमची ती वेळ ठरली नसेल, तर विभागाच्या कार्यालयाला सांगून याच आठवड्यात ठरवून घ्या आणि दाराशी थांबलेल्या त्या मुलीला ई-मेल करून बोलवा.

मला अधिक लागले ते तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिलेले. किल्लारीचा भाग व्याख्यानात होता, पण ‘जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या बाईने आपल्या गावाकडचे रडगाणे परक्यांपुढे कशाला गावे’ म्हणून आदल्या रात्री तुम्ही तो काढून टाकलात आणि उरलेले पुस्तकी विवेचन वाचून दाखवलेत. ताई, हे मला पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना झालेल्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि त्यात दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे या समजाला तडा देणारी ही घटना भूकंपशास्त्राने नोंदवली, अभ्यासली. तुम्ही तर तेव्हा औसा तालुक्यातल्या शाळेत शिकत होतात. चिखलात रचलेल्या दगडांच्या त्या जाडजूड भिंती, त्यांवरच्या लाकडी तुळया आणि पावसाळ्याआधी बायाबापड्या पाटीपाटीने वर चढवत असलेली माळवदावरची पांढरी माती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. उन्हाळ्यात घर गार ठेवणारे तेच ओझे त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर कसे आले, हे तुमच्याइतके नेमके त्या वर्गात कोण सांगणार? हा विषय शिकवण्याचा तुमचा अधिकार पदवीइतकाच त्या माळवदावरूनही आलेला आहे.

पुढच्या तासाला सुरुवातच तिथून करा. फळ्यावर माळवदाच्या घराचा छेद स्वतःच्या हाताने काढा, ओझे कुठे आहे ते दाखवा आणि मग मुलांना त्यांच्याकडचा दाखला विचारा. १९९२ च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधील रूरमोंडजवळ पहाटेच्याच वेळी झालेला भूकंप पश्चिम जर्मनीतही जाणवला होता. त्याची तीव्रता किल्लारीपेक्षा कमी होती, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करू नये. परंतु हानीतला फरक जमिनीमुळे किती, तीव्रतेमुळे किती आणि घरांच्या बांधणीमुळे किती, हा प्रश्न त्यांना नक्की बोलते करील. इंग्रजीची धास्ती बाळगू नका, कारण तिथल्या बहुतेक मुलांचीही ती मातृभाषा नाही. सावकाश बोला, लहान वाक्ये करा आणि वाचून दाखवणे टाळा.

घरी अजून काही सांगितले नाही, असे लिहिता. सासूबाईंनी तुम्हाला निरोप देताना ओटी भरली होती, त्यांच्यापासून तरी लपवू नका. सध्या तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे आणखी एक तास मागे घेतली जातील आणि फरक साडेचार तासांचा होईल, तेव्हा घरची जेवणे आटोपण्याच्या वेळी फोन करायचा तर तो तिथल्या दुपारीच करावा लागेल. दुसरा तास झाला की मला अवश्य लिहा, मुलांनी काय विचारले तेही कळवा.

तुमची,
ताई